आमची गाडी आणि निर्मलचा घाट

रविवारची मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पटांगणात मंडळी घटकाभर रेंगाळतात. त्या वेळी तेथे कशाविषयी बोलणी चालतात, यावरून गावाचा काळ ओळखावा. आमच्या लहानपणी केळीचे भाव, विहिरीचे पाणी आणि पावसाची लक्षणे यांखेरीज तेथे दुसरा विषय नसे. आता निम्मे पटांगण मोटारींनी भरलेले असते, आणि फादर आत वळले न वळले तोच तरुण मंडळी कोणाच्या तरी गाडीभोवती कोंडाळे करून उभी राहतात. कोणी गाडीच्या कमानी बदलून तिला चार बोटे खाली आणलेले असते, कोणी तितकेच वर उचललेले असते, तर कोणी शॉकअप काढून त्या जागी कडक शॉकअप घातलेले असतात. नवल असे की, तिघेही एकमुखाने सांगत असतात, ‘आता गाडी कशी रस्ता धरून चालते!’

गाडी खाली आणली तरी ती रस्ता धरते आणि वर उचलली तरीही धरते, हे कोडे आम्हांस पुष्कळ दिवस उलगडले नव्हते. ते उलगडले निर्मलच्या घाटात. आणि तेही अशा रीतीने की, आमच्या वृद्ध मातोश्रींच्या हातातली जपमाळ पुढे दोन दिवस खाली ठेवली गेली नाही. ती हकीकत वाचकांस सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

निर्मल म्हणताच आमच्या वसईकर वाचकांच्या डोळ्यांसमोर आपलेच निर्मल उभे राहील. पण आम्ही म्हणतो ते निर्मल तेलंगणातले. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ सालापासून ते स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. गंमत अशी की, कल्याणहून निघून माळशेज घाटाने अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड, भोकर आणि भैंसा अशी गावे घेत जाणारा सुमारे सहाशे किलोमीटरांचा जो राष्ट्रीय महामार्ग पूर्वी २२२ क्रमांकाने ओळखला जाई, तो ह्या दुसऱ्या निर्मलला जाऊन संपत असे. आज त्याचा क्रमांक ६१ आहे. एका निर्मलच्या शेजारून निघावे आणि दुसऱ्या निर्मलात उतरावे, ह्या योगायोगाचे आमच्या मातोश्रींना फार अप्रूप. त्यातून आमची भाची धर्मभगिनी होऊन त्या बाजूच्या एका शाळेत शिकवीत असे. आदिलाबादचा धर्मप्रांत १९९९ साली स्थापन झाला. तिकडील मिशनकार्याविषयी तिची पत्रे येत, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, ‘मामा, आजीला घेऊन एकदा या,’ असे ठरलेले वाक्य असे. अखेर गेल्या सप्टेंबरात, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या आठवड्यात, आम्ही निघावयाचे ठरविले.

आमची गाडी साधी, चार दारांची, आठ वर्षे वापरलेली. माणसे पाच बसली आणि मागे सामान भरले की तिचा मागचा भाग खाली बसे, आणि गावातल्या गतिरोधकावर पोट घासे. आगाशीकडच्या रस्त्याला वळण आले की ती एका अंगावर कलत असे. ह्या दोन दोषांवर घरात मोठाच वाद झाला. आमच्या चिरंजीवांचे म्हणणे असे की, चारही कमानी आणि चारही शॉकअप काढून शर्यतीच्या गाड्यांस घालतात तसला परदेशी संच बसवावा. त्याची किंमत ऐकून आम्ही खुर्चीत बसलो. मग शहरातल्या एका दुकानदाराने मध्यम मार्ग सुचविला. मागच्या कमानींच्या वेढ्यांमध्ये जाड रबराच्या कड्या बसवायच्या. खर्च अगदी किरकोळ, काम अर्ध्या तासाचे. ‘काका, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल,’ तो म्हणाला. आम्ही त्या कड्या बसवून घेतल्या आणि काटकसरीने काम साधले म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पहिला आठवडा आनंदात गेला, हे कबूल केले पाहिजे. गाडीचा मागचा भाग बसेना. गतिरोधकावर पोट घासेना. वळणावर कलणे कमी झाले, आणि सुकाणू हातात घेतले की गाडी पूर्वीपेक्षा तरतरीत वाटू लागली. मात्र मागच्या बाजूला बसणाऱ्या मातोश्री एक दिवस म्हणाल्या, ‘ही गाडी आता बैलगाडीसारखी का रे आपटते?’ आम्ही ते वयाचे बोलणे समजलो. ज्या माउलीने जन्मभर बैलगाडीत बसून भाजी बाजारात नेली, तिला बैलगाडी कशी आपटते हे आमच्यापेक्षा अधिक कळत असणार, हे आमच्या ध्यानात आले नाही.

प्रवासाचा पहिला टप्पा आम्ही परभणीस मुक्काम करून संपविला. नांदेड मागे टाकले. भोकर ओलांडल्यावर वाटेत एके ठिकाणी रस्त्याचे काम चालू होते, तेथे खड्ड्यांतून जाताना मागच्या बाजूस असा काही दणका बसला की, भाचीसाठी नेलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी फुटली आणि शेजारची सुकेळी तेलात भिजली. चिरंजीव हळूच म्हणाले, ‘बाबा, संच घेतला असता तर...’ आम्ही त्यांच्याकडे पाहिले. ते खिडकीबाहेर पाहू लागले. भैंसा गाव आले, पाट्यांवर मराठीच्या जोडीला तेलुगू अक्षरे दिसू लागली, आणि तिसऱ्या प्रहरी निर्मलला पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन कुंतला धबधबा पाहावयास निघालो. कडेम नदीवरचा हा धबधबा नेरडीगोंड्याजवळ आहे, आणि पावसाळ्याच्या अखेरीस त्याचे रूप पाहण्यासारखे असते. हैदराबाद-नागपूर महामार्ग आता चौपदरी झाला आहे. त्याने गेले असते तर ही हकीकत घडलीच नसती. परंतु भाची म्हणाली की जुना महबूब घाट पावसात फार सुंदर दिसतो. सातमाळ्याच्या डोंगरातली ती सागवानाची राने, ते एकामागून एक येणारे वळसे, वर ढग टेकलेले, असे वर्णन ऐकल्यावर राहवते कोणाला? जाताना घाट चढलो आणि त्याने काही त्रास दिला नाही. धबधबा पाहिला, शिदोरी खाल्ली. परतताना पाऊस लागला.

उतार होता. वेग फार नव्हता. काटा चाळिसाच्या आसपास असावा. डावीकडे वळणाऱ्या एका वळशात, आतल्या बाजूस, डांबर उखडून रस्त्याला लहान लहान लाटा आल्या होत्या. पुढची चाके त्यांवरून गेली. मागची गेली ती उड्या मारीत, एक, दोन, तीन; आणि तिसऱ्या उडीसरशी गाडीचा मागचा भाग बाहेरच्या अंगाला सरकला. सुकाणू आमच्या हातात होते, पण क्षणभर ते कोणत्याच गोष्टीला जोडलेले नसल्यासारखे हलके लागले. गाडी तिरपी होऊन रस्त्याच्या मध्यरेषेपलीकडे गेली. समोरून एक मालट्रक येत होता. त्याच्या चालकाने वेळीच वेग आवरला, आमची चाके पुन्हा टेकली, आणि दोन हातांच्या अंतरावरून तो निघून गेला. मागे मातोश्रींनी ‘नमो मरिया’ केव्हा सुरू केले ते आम्हांस कळले नाही. भाचीचा सूरही त्यात मिसळला होता. पुढच्या काचेजवळ संत ख्रिस्तोफरचे पदक लोंबकळत होते आणि ते अजून हेलकावे खात होते. (१९६९ साली जागतिक दिनदर्शिकेतून ह्या संताचा सण वगळला गेला, तेव्हा तो संतच राहिला नाही असा पुष्कळांचा समज झाला, तो खरा नव्हे. त्या संध्याकाळी तर आम्हांस त्याविषयी मुळीच शंका नव्हती.)

गाडी कडेला घेऊन आम्ही थांबलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चिरंजीवांनी तोंड उघडले, आणि अर्थातच तोच विषय. चांगल्या प्रतीचे सस्पेन्शन असते तर असे झाले नसते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही उत्तरलो की, गाडीत हात घालावयाची कल्पनाच मुळी तुझी. मातोश्री म्हणाल्या, ‘भांडायला जिवंत राहिलात, एवढे बस नाही काय?’

निर्मल गावाच्या तोंडाशी एक लहानसे गॅरेज होते. पन्नाशी उलटलेले मिस्त्री. आजोळ नांदेडकडचे म्हणून मराठी चांगले बोलत. त्यांनी प्रथम गाडीकडे पाहिलेच नाही. आम्हां सर्वांना बसावयास बाके दिली, मातोश्रींना चहा मागविला. नंतर गाडीच्या मागच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन तो दाबला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली. ‘एकदा वर येऊन बसली पाहिजे,’ मिस्त्री म्हणाले, ‘ही तर नाचते.’ मग वाकून मागचे शॉकअप पाहिले. दोन्ही तेलाने ओले होते. टायरवर तळहात फिरवून त्यांनी आमचाही हात तेथे ठेवला. रबरावर ठिकठिकाणी वाट्यांसारखे खळगे पडले होते. चाक रस्त्यावर नीट न टेकता उडत राहिले की असे खळगे पडतात. पुढच्या खालच्या दांड्यांचे रबरी बुश चिरले होते. शेवटी हवा मोजली, तर वाटेत कोणा पंक्चरवाल्याने ती कंपनीच्या मापापेक्षा पुष्कळ जास्त भरून ठेवली होती. माप कोठे लिहिलेले असते हेही आम्हांस तेव्हाच कळले. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिकटपट्टी असते. रिकाम्या गाडीसाठी एक आकडा आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा. आठ वर्षे ते दार आम्ही उघडीत होतो.

‘आणि ही रबरं कोणी घातली?’ मिस्त्रींनी विचारले. आम्ही खाली पाहिले.

त्यांनी जे सांगितले ते आम्ही घरी येऊन पुस्तकांतून ताडून पाहिले, आणि ते योग्य ठरले. त्याचा मथितार्थ असा की, मोटारीच्या चाकाखाली दोन वेगळी कामे करणारी दोन वेगळी माणसे आहेत, आणि आपण त्या दोघांना एकच समजतो. कमान गाडीचा भार तोलते आणि खड्ड्यात चाकाला खाली-वर जाऊ देते. पण कमानीला थांबणे ठाऊक नाही. एकदा दबली की ती उसळत राहते. तिला थांबविण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते, ते बारीक छिद्रांतून जोराने जाते, आणि चाकाची उसळी त्या घर्षणात उष्णता होऊन विरून जाते. म्हणजे कमान ही घोडी आणि शॉकअप हा लगाम. आम्ही काय केले? कमानीच्या वेढ्यांत रबर ठोकून काही वेढे निकामी केले, तेणेकरून कमान कडक झाली, घोडी अधिक तेज झाली. आणि लगाम मात्र आठ वर्षांचा, तेल गळणारा, होता तोच ठेवला. सपाट रस्त्यावर हे कळले नाही. लाटा आलेल्या रस्त्यावर चाक उसळले, त्याला खाली आणणारा कोणी नव्हता; आणि जे चाक हवेत आहे ते रस्ता धरणार कसे? पाच माणसांची गाडी शेवटी ज्या चार ठिकाणी जमिनीला टेकते, ती प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी असते. गाडीच्या चालण्याविषयीचे सगळे शास्त्र त्या चार तळहातांना जमिनीवर टेकवून ठेवण्याचे आहे.

‘साहेब, पाय ताठ ठेवून उडी मारून पाहा,’ मिस्त्री म्हणाले. ‘आणि मग गुडघे वाकवून मारा. कडक झालं म्हणजे पक्कं झालं असं नसतं.’ चिरंजीवांनी खरोखरच उडी मारून पाहिली.

मग कलण्याचे काय? आमचा सारा हट्ट तेथूनच सुरू झाला होता. गाडी वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती जावा, हे गाडीच्या वजनाचा मध्य किती उंचावर आहे, डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आहे आणि वळण किती वेगाने घेतले, यांवर अवलंबून असते. कमानी कडक केल्या तर गाडी कमी कलते, पण भार जावयाचा तो जवळजवळ तितकाच जातो. फरक एवढाच की, माणसाच्या अंगाला तो जाणवत नाही. म्हणून आम्हांस पहिल्या आठवड्यात जी निर्भयता वाटली, ती गाडीची पकड वाढल्यामुळे नव्हती. धोक्याची सूचना देणारी घंटा आम्ही कापडाने गुंडाळली होती, एवढेच. शिवाय आम्ही फक्त मागचीच बाजू कडक केली. त्यामुळे त्या भारातला मोठा वाटा मागच्या बाहेरच्या एकट्या चाकावर आला, आणि ओल्या रस्त्यावर पहिल्याने सुटले ते मागचेच टोक. गाड्या बनविणारे साधी गाडी मुद्दाम अशी जुळवतात की, वेग जास्त झाला तर प्रथम पुढची चाके घसरावीत. कारण अशा वेळी सामान्य माणूस घाबरून वेग कमी करतो आणि गाडी आवरते. मागचे टोक सुटले तर तिला आवरणे सामान्य माणसाच्या हातचे काम नव्हे.

कलणारी गाडी आणि सुटणारी गाडी या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा सर्वांत सुरेख दाखला शेतकऱ्यांच्याच गाडीचा आहे. फ्रान्समध्ये सीत्रोएं कंपनीने १९४८ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटी, कुरूप मोटार मांडली. तिच्यामागची कल्पना कंपनीचे प्रमुख प्येर बूलांजे यांची. दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन तिने जावे. आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून नेली तरी एकही अंडे फुटू नये, अशी त्यांची अट होती, असे सांगतात. त्या गाडीच्या कमानी इतक्या मऊ की वळणावर ती पाहणाऱ्यास आता उलटते की मग उलटते असे वाटे. पण तिची चाके जमीन सोडीत नसत. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती तयार होत राहिली. आमच्या लोणच्याच्या बरणीचे त्या अंड्यांशी नाते आहे, हे वाचकांनी ओळखले असेलच.

दुसरी एक गोष्ट आम्हांस घरी वाचताना सापडली. मॉरिस ऑली नावाचे एक इंग्रज इंजिनियर १९३० साली रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत आले. त्यांनी दाखवून दिले की, पुढच्या कमानी मागच्यांपेक्षा थोड्या मऊ असाव्यात. खड्डा प्रथम पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने; मागचे टोक किंचित जलद हलले तर ते पुढच्याला गाठते आणि दोन्ही टोके एकदमच शांत होतात, गाडी होडीसारखी पुढेमागे डुलत नाही. म्हणजे मागच्या कमानींची कडकाई किती असावी, हे कोणीतरी पूर्वीच बारकाईने मोजून ठेवलेले असते. त्यावर आम्ही शहरातल्या दुकानात अर्ध्या तासात सुधारणा केली!

चिरंजीवांचा मुद्दा मात्र अद्याप शिल्लक होता. त्यांनी मिस्त्रींना सरळ विचारले, ‘तो भारी संच बसवला असता, तर?’ मिस्त्री हसले. संच वाईट नसतो, ते म्हणाले; कमान आणि शॉकअप एकमेकांशी जुळवून एकत्र केलेले असतात, ही त्यातली चांगली गोष्ट. पण तो ज्या रस्त्यासाठी केलेला असतो, तो रस्ता येथे कोठे आहे? गाडी खाली आणली की वजनाचा मध्य थोडा खाली येतो, गुळगुळीत रस्त्यावर त्याचा लाभ होतो. पण चाकाला वर-खाली जावयास जागा उरत नाही, आणि पाच माणसे बसून खड्ड्यात गेली की कमान संपून रबरी ठोकळ्यावर गाडी आपटते. त्या क्षणी कमान नसल्यासारखीच. खालून ठोकळे घालून गाडी उंच करणाऱ्यांची गोष्ट उलटी. पोट घासत नाही, पण वजनाचा मध्य वर जातो आणि वळणावर भार अधिकच सरकतो. ज्याला रोज मागे ओझेच न्यावयाचे आहे, भाजीचा टेम्पो चालवायचा आहे, त्याने एखादा पाटा वाढविला तर त्यात अर्थ आहे. ज्याची गाडी आठवड्यातून सहा दिवस दोन माणसांना घेऊन जाते, त्याने वर्षातून दोनदा होणाऱ्या ओझ्यासाठी ती कायमची कडक का करावी?

कायद्याचाही येथे संबंध येतो, आणि तो आमच्या तरुण मंडळींना ठाऊक नसावा अशी शंका आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम गाडीत काय काय बदलले आहे तेच विचारील.

असो. मिस्त्रींनी त्या रात्री रबराच्या कड्या काढल्या, मागचे दोन्ही शॉकअप कंपनीचे, मूळ मापाचेच, नवे घातले. बुश निजामाबादहून मागवावे लागले, ते दुसऱ्या दिवशी दुपारी बसले. वाट्या पडलेले दोन टायर बदलले, चाकांची दिशा जुळवून घेतली, हवा मापाने भरली. एकूण खर्च त्या परदेशी संचाच्या किमतीपुढे क्षुल्लक होता. नवे असे त्यात काहीच नव्हते. गाडी जशी कारखान्यातून आली होती तशी ती पुन्हा झाली, इतकेच. आठ वर्षांत ती किती खालावली होती हे आम्हांस कळले नव्हते, कारण ती रोज केसभरच खालावत होती. आम्ही जिला सुधारणा म्हणून शोधत होतो, ती पुष्कळशी आमच्याच गाडीतून झिजून गेलेली वस्तू होती.

त्या दुपारचा बुश येईपर्यंतचा वेळ आम्ही निर्मलच्या खेळण्यांचे काम पाहण्यात घालविला. पोनिकी नावाच्या अगदी हलक्या, मऊ लाकडाची ही खेळणी. लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांचा लगदा करून जोड भरतात, आणि वर रंग देतात. २००९ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मातोश्रींनी नातवंडांसाठी एक हरीण, एक पोपट आणि फळांचा एक संच घेतला. हरणाचे पाय काडीसारखे बारीक. कारागीर गवतात गुंडाळून देत म्हणाला, सांभाळून न्या.

संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, घाट एकदा पुन्हा जाऊन येऊ या.’ आम्हांस धैर्य नव्हते. पण नाही म्हटले असते तर आमचे अथवा त्यांचे त्या घाटाविषयीचे भय कायमच राहिले असते. मातोश्रींना भाचीपाशी ठेवून आम्ही दोघेच गेलो. ह्या वेळी सुकाणू त्यांच्या हातात होते. पाऊस नव्हता, पण रस्ता ओला होता. तेच वळण आले. गाडी कलली, पूर्वीसारखी, आगाशीच्या रस्त्यावर कलत असे तशीच. त्या लाटांवरून मागची चाके धडधडत गेली आणि कोठेही न सरकता पुढे आली. आम्ही काही बोललो नाही. चिरंजीवांनी वेग जाताना पस्तिसावर ठेवला होता, हे आमच्या ध्यानात आले. परत येताना तर तिसावर होता.

परतीच्या प्रवासात, नांदेडपर्यंतच्या रस्त्यावर, मागे बसलेल्या मातोश्रींच्या मांडीवर खेळण्यांची पेटी होती. मध्ये एकदा त्यांनी ती शेजारी आसनावर ठेवली आणि त्या झोपल्या. परदेशी संचाचा विषय चिरंजीवांनी माळशेजपर्यंत काढला नाही. घाट उतरल्यावर एकदा काढला, पण टायर घेण्याविषयी. आणि आम्ही लगेच हो म्हटले, कारण पुढच्या दोघांची वेळही जवळ आली होती.

हरणाचे चारही पाय शाबूत पोहोचले. त्या रबराच्या कड्यांचे काय करावे हा प्रश्न होता. टाकून देणे आमच्या स्वभावात नाही. आमच्या विहिरीवरचा पंप चालू झाला की ओट्यासकट थरथरत असे. आम्ही त्या कड्या त्याच्या पायांखाली बसविल्या. आता पहाटे पाणी सोडले तरी शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.